कानाला जोडलेले तोंड

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि शाळा, महाविद्यालये व कचेऱ्या यांचा व्यवहार पाहता पाहता मोबाइलच्या व संगणकाच्या पडद्यावर आला. त्या दिवसांत मध्यमवर्गीय घरांतून एक लहानशी अडचण उभी राहिली. घरात हेडफोन होता. पण तो गाणी ऐकण्याकरिता घेतलेला. त्याला दोन कान होते, तोंड नव्हते. शिक्षकांचे बोलणे विद्यार्थ्याला नीट ऐकू येई, परंतु हजेरीला 'आहे, सर' म्हणावयाचे तर संगणकाच्या पोटातील मायक्रोफोनवर विसंबावे लागे. आणि तो मायक्रोफोन मुलाच्या आवाजाआधी पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या खोलीत चाललेली वडिलांची कचेरी वर्गापर्यंत पोहोचवी. दुकाने बंद होती. अशा वेळी ज्या घरांत सोल्डरिंगचे साहित्य होते आणि माळ्यावर एखादा मोडका टेपरेकॉर्डर पडून होता, तेथे कोणी थोरल्या मुलाने, क्वचित वडिलांनीही, त्या हेडफोनला घरच्या घरी तोंड बसविले. टेपरेकॉर्डरमधून काढलेली मायक्रोफोनची बारीकशी कॅप्सूल, ती गालापर्यंत आणण्यासाठी घरातल्या वायरिंगमधून उरलेली तांब्याची जाड तार, वर फोमचा तुकडा आणि सगळे धरून ठेवणारी चिकटपट्टी. दिसावयास बेढब, पण वर्गाला मुलाचा आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला.

या जोडकामाची नोंद कोणत्याही आकडेवारीत नाही, आणि असण्याचे कारणही नाही. ए. सी. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून दिले होते की एखाद्या गृहस्थाने आपली घरकाम पाहणारी बाई सोडून तिच्याशीच विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, काम मात्र तेवढेच होत राहते. हेडफोनचे तसेच. नवा विकत घेतला असता तर विक्री, कर, वाहतूक हे सारे उत्पन्नात जमा झाले असते. जुन्यालाच तोंड बसविले तेव्हा हिशेबी दृष्टीने काहीच घडले नाही. परंतु जे हिशेबात येत नाही त्याला धोरणात जागा मिळत नाही, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या कारागिरीचा थोडा विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम वस्तूची ओळख. हेडफोनला जोडावयाच्या मायक्रोफोनचा आत्मा म्हणजे 'इलेक्ट्रेट' कॅप्सूल. लोहचुंबक जसे आपले चुंबकत्व धरून ठेवते, तसा विद्युतभार कायमचा धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे इलेक्ट्रेट. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेर्हार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट या दोघांनी धातूचा मुलामा दिलेल्या टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यापासून असा मायक्रोफोन तयार केला. वेस्ट हे कृष्णवर्णीय. त्या काळच्या अमेरिकेत अशा प्रयोगशाळेत त्यांच्यासारखे संशोधक मोजकेच होते. त्यापूर्वी चांगला मायक्रोफोन म्हणजे आकाशवाणीच्या स्टुडिओतील महागडी चीज होती. या शोधामुळे तो करंगळीच्या नखाएवढा झाला आणि इतका स्वस्त झाला की टेपरेकॉर्डर, टेलिफोन, खेळणी, श्रवणयंत्रे अशा सर्व ठिकाणी जाऊन बसला. आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत ही कॅप्सूल चहा-बिस्किटाच्या खर्चात मिळते.

ती बसविणे अवघड नाही; मात्र समजून करावे लागते. कॅप्सूलच्या पाठीमागे दोन टिकल्या असतात; त्यांपैकी जी टिकली बाहेरच्या धातूच्या कवचाला जोडलेली दिसते ती जमिनीची, दुसरी आवाजाची. कॅप्सूलमध्ये एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असल्याने तिला दोन-तीन व्होल्टचा आधार द्यावा लागतो. संगणकात मायक्रोफोनची पिन जेथे बसते त्या गुलाबी भोकातूनच तो येतो. वायर शील्डेड, म्हणजे भोवती तारांची जाळी असलेली घ्यावयाची. अन्यथा घरातील विजेची गुणगुण आवाजात मिसळते. मोबाइलच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. तेथे ऐकणे व बोलणे दोन्ही एकाच पिनेतून होते. त्या पिनेवर चार वळी असतात. पहिली दोन डाव्या-उजव्या कानाची, उरलेल्या दोहोंपैकी एक जमिनीची व एक मायक्रोफोनची. यांतील कोणती आधी, याबद्दल कंपन्यांचे दोन पंथ झाले. एका पंथाचा हेडफोन दुसऱ्या पंथाच्या फोनला लावला की गाण्यातून गायकच नाहीसा होतो, मागे पोकळ वाद्यवृंद तेवढा उरतो, आणि मायक्रोफोन मुका पडतो. पुष्कळांनी असा हेडफोन 'बिघडला' म्हणून टाकून दिला असेल. वस्तुतः बिघडलेले काहीच नव्हते. दोन तारांची अदलाबदल करावयाची होती.

आणि त्याचा लाभ कितीसा? येथे पदार्थविज्ञानाचे साधे गणित आहे. बोलणाऱ्याच्या तोंडापासून मायक्रोफोन ४० सेंटिमीटरवर असला आणि तो ४ सेंटिमीटरवर आणला, तर त्याच्यावर पडणारा आवाजाचा दाब दहापट, म्हणजे २० डेसिबलने वाढतो. पंखा आणि कुकर मात्र होते तेथेच राहतात. महागातली महाग यंत्रणा जे साधण्यासाठी धडपडते ते एका तांब्याच्या तारेने साधते. मायक्रोफोन ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित कोपऱ्याला धरावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' या अक्षरांबरोबर येणारे फुंकर त्यावर आदळत नाही, एवढे पथ्य पुरे.

मग प्रश्न असा उरतो की जी वस्तू चहाच्या किमतीत मिळते ती नसलेला हेडफोन आणि असलेला हेडफोन यांच्या किमतीत कित्येकदा काही शे रुपयांचे अंतर का असावे? याचे उत्तर देण्यासाठी आजच्या कंपन्यांच्या दप्तरात डोकावण्याची गरज नाही. १८४९ मध्ये झ्यूल ड्यूप्वी या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या भाड्यांचा विचार करताना ते देऊन ठेवले आहे. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे. लोक म्हणत, कंपनी गरिबांचा द्वेष करते, किंवा छपराचा खर्च वाचविते. ड्यूप्वीने दाखविले की छपराचा खर्च किरकोळ होता. तिसऱ्या वर्गाला छप्पर घातले तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणारे प्रवासीही तिसऱ्यात बसतील, ही खरी धास्ती होती. म्हणजे गरीब प्रवासी उन्हापावसात बसे तो त्याच्याकडे पैसे नव्हते म्हणून नव्हे, तर त्याच्यापेक्षा बऱ्या स्थितीतील प्रवाशाला भीती घालण्यासाठी. एकाच मालाचे थोडे फोडून-तोडून अनेक दर्जे करावयाचे आणि प्रत्येक ग्राहकाकडून त्याला परवडेल तेवढे काढावयाचे, ही विद्या तेव्हापासून आजवर अखंड चालत आली आहे. अर्थात प्रत्येक मुका हेडफोन हा छप्पर काढलेला डबाच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. केवळ संगीत ऐकणाऱ्याला मायक्रोफोन नकोच असतो आणि त्याच्या गालावर उगाच दांडी आणण्यात अर्थ नाही. परंतु ज्याने आपल्या डब्याला स्वतःच छप्पर घातले त्याने कोणाचे काय बिघडविले, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे.

फोनला झाकण लावल्याचा खटला

हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे, आणि तोही नेमका बोलण्याच्या यंत्राच्या तोंडावरूनच. १९२० च्या दशकापासून तेथे 'हश-ए-फोन' नावाचे एक साधे उपकरण विकले जात असे. टेलिफोनच्या तोंडावर बसवावयाचा तो एक पेला होता. त्यात तोंड घालून बोलले की शेजारी बसलेल्याला बोलणे ऐकू येत नसे. त्यात वीज नव्हती, तार नव्हती. तरीही तेथील मक्तेदार टेलिफोन कंपनीने आपल्या यंत्राला परकी वस्तू जोडण्यास बंदी असल्याचा नियम पुढे केला आणि केंद्रीय दळणवळण आयोगाने १९५५ मध्ये कंपनीची बाजू उचलून धरली. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्यायालयाचा युक्तिवाद कोणाही शहाण्या माणसाला पटेल असा होता. ग्राहकाने तोंडापुढे हाताची ओंजळ धरली तर चालते, मग तेच काम करणारा पेला का चालू नये? सार्वजनिक अपाय होत नसेल तर आपल्या फोनचा आपल्या सोयीने उपयोग करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, असे त्याचे सार होते.

या निकालाचे खरे फळ १९६८ मध्ये मिळाले. टेक्सासमधील टॉमस कार्टर याने तेलविहिरींवर काम करणाऱ्यांचे वायरलेस टेलिफोनशी जोडणारे 'कार्टरफोन' हे उपकरण काढले होते. त्याला आयोगाने मान्यता दिली आणि टेलिफोनच्या तारेला परके यंत्र जोडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या मार्गाने पुढे निरोप टिपून ठेवणारी यंत्रे आली, फॅक्स आले, आणि संगणकाला टेलिफोनशी जोडणारे मोडेम आले. जगाच्या दळणवळणात पुढे जी क्रांती झाली तिच्या मुळाशी इतर अनेक गोष्टींबरोबर एक पेलाही आहे, हे विसरता येत नाही.

भारतात त्या काळी असा खटला उभा राहण्याचा संभवच नव्हता. टेलिफोन टपाल व तार खात्याचा. ग्राहकाकडे तो केवळ ठेवावयास दिलेला. नंबर लागण्यातच वर्षे जात, त्यामुळे मिळालेल्या काळ्या यंत्राला परके काही जोडण्याचे धैर्य कोण करणार? तरीही शेजाऱ्यांच्या फुकट फोनांना कंटाळलेल्या गृहस्थांनी डायलच्या भोकात बसणारे चिमुकले कुलूप शोधून काढले आणि खात्यानेही त्याकडे काणाडोळा केला. भारतीय ग्राहकाचे ते बहुधा पहिले जोडकाम असावे!

आज यंत्र ग्राहकाच्या मालकीचे आहे, पावती त्याच्या नावाची आहे. परंतु त्या मालकीचा अर्थ मात्र आकसत चालला आहे. पूर्वी वस्तू स्क्रूने बंद केलेली असे, आता ती डिंकाने चिकटविलेली असते. २०१६ मध्ये एका बड्या अमेरिकी कंपनीने आपल्या फोनमधून हेडफोनचे भोकच काढून टाकले आणि इतरांनी हळूहळू तिचा कित्ता गिरविला. त्यानंतर बिनतारी कर्णभूषणांची लाट आली. त्यांतील चण्याएवढी बॅटरी काही वर्षांत थकते आणि ती बदलावयास गेले तर बहुतेक नमुन्यांत कवच फोडल्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे ज्या वस्तूचा ध्वनी देणारा भाग अजून धडधाकट आहे तीही बॅटरीबरोबर सती जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने प्रसिद्ध होणाऱ्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात आला तो केवळ २२.३ टक्के. उरलेल्याचे काय होते हे पाहण्यासाठी कोणत्याही मोठ्या शहराच्या कडेला उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्या मुलांकडे पाहावे.

केंद्र सरकारला याची जाणीव नाही असे नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'संबंधी समिती नेमली; शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली; त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही उघडले. पुढे २०२४ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीसुलभतेचे गुण देण्याची पद्धत ठरविण्यासाठी दुसरी समिती आली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. फ्रान्समध्ये असा गुणांक २०२१ पासून लागू आहे. त्याआधी २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली. ही सर्व पावले योग्य दिशेने आहेत यात शंका नाही.

परंतु या साऱ्या चर्चेचा शब्द 'दुरुस्ती' हा आहे, आणि तेथेच तिची मर्यादा आहे. दुरुस्ती म्हणजे वस्तू पूर्वी होती तशी करणे. मुक्या हेडफोनला तोंड बसविणे ही दुरुस्ती नव्हे. वस्तू पूर्वी कधी नव्हती तशी करणे आहे. कंपनीच्या वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात ज्याला 'फेरफार' म्हणतात तो हा. त्या एका शब्दाखाली ग्राहकाचा हमीचा हक्क जातो, मग फेरफाराचा आणि बिघाडाचा संबंध असो वा नसो. मायक्रोफोन जोडल्यामुळे डाव्या कानाची गादी फाटत नाही. पण गादी बदलून मागावयास गेलेल्या ग्राहकाला जोडलेली तार दाखवून परत पाठविता येते. बिघाड फेरफारामुळेच झाला हे दाखविण्याची जबाबदारी कंपनीवर असावी, एवढी एक तरतूद ग्राहकाच्या पदरात पडली तरी पुष्कळ झाले म्हणावयाचे.

घरच्या कारागिराचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अॅडम स्मिथने श्रमविभागाचे जे गोडवे गायिले ते खोटे नव्हेत. ज्याला हे काम येत नाही त्याने रविवारची दुपार घालवून, बोट भाजून घेऊन, शेवटी हेडफोनही घालवून बसावे यात कसली काटकसर? कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला पन्नास-शंभर रुपये द्यावेत. त्याचाही संसार आहे आणि त्याच्या हाताला वळण आहे. लिथियमच्या बॅटरीत तर हौशी माणसाने हातच घालू नये. ती चुकून टोचली गेली तर पेट घेते. तारेचा हेडफोन आणि दोन व्होल्टची कॅप्सूल यांच्यात असे भय नाही, म्हणूनच नवशिक्याला हे काम उत्तम. शिवाय घरी केलेल्या मायक्रोफोनचा आवाज सभ्य असला तरी आकाशवाणीच्या तोडीचा होणार नाही. पण वर्गात प्रश्न विचारावयास आकाशवाणी कशाला हवी?

खरा तोटा पैशाचा नव्हे, शिक्षणाचा आहे. बारावीच्या प्रयोगशाळेत मीटर-ब्रिज आणि पोटेन्शियोमीटर यांवर रोध मोजणारे, वहीत पाने भरून परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळविणारे सहस्रावधी विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्यातील कितीजणांनी एखाद्या पिनेचे टोपण उघडून आतील तारा पाहिल्या असतील? हाताच्या कामाचे महत्त्व आपल्या शिक्षणात कोणी सांगितले नाही असे मुळीच नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये 'कार्यानुभव' सुचविला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले. कार्यानुभवाचे पुढे काय झाले ते शिक्षकवर्गाला सांगावयास नको. घोटीव कागदाची फुले आणि काड्यापेटीची घरे करून घेऊन, पुष्कळदा आईकडून, त्याची बोळवण झाली. आता शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या आहेत. २०१६ पासून सुरू झालेल्या या योजनेत २०२५ च्या अर्थसंकल्पाने पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांचे उद्दिष्ट ठेवले आहे. तेथे यंत्रमानव आणि त्रिमितीय छपाईची यंत्रे येतात. पाहुण्यांना दाखवावयास ती बरी. मात्र त्यांच्या शेजारी एक टेबल मोडक्या वस्तूंचे ठेवावयास काय हरकत आहे? मुलांनी घरून मुका हेडफोन आणावा, शाळेने कॅप्सूल द्यावी. वर्षाअखेरीस पन्नास हेडफोन बोलके झाले तर त्या शाळेत विजेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. खर्च म्हणाल तर यंत्रमानवाच्या एका चाकाएवढाही नाही.

सरकारला आणि कंपन्यांना करावयाची गोष्ट याहूनही स्वस्त आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची पाठ उघडली की पुष्कळदा आतल्या बाजूस एक कागद चिकटविलेला दिसे. कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा तो नकाशा असे. गावातील मेकॅनिक कंपनीच्या शाळेत गेलेला नसे, पण त्या कागदावर त्याचा निभाव लागे. आजच्या हेडफोनच्या खोक्यावर पाच भाषांत धोक्याच्या सूचना असतात, नटनट्यांची छायाचित्रे असतात. पिनेवरील चार वळ्यांपैकी कोणते कशाचे, आणि कोणत्या रंगाची तार कोणत्या वळ्याला जाते, हे मात्र नसते. वीतभर खोक्यावर त्यासाठी चार ओळींची जागा निघू शकते. दुरुस्तीसुलभतेचे गुण जेव्हा कधी या देशात वस्तूंवर छापले जातील, तेव्हा त्या गुणांच्या शेजारी या चार ओळी सक्तीच्या कराव्यात.